पाकिटावरचे तिकीट आणि आतला कागद

पोस्टाची तिकिटे जमवण्याचा नाद लागलेले मूल घरात काय करते, हे आम्हा शिक्षकांना त्याची वही पाहून कळते. दादाजानच्या पेटीतून पाकीट काढायचे, कोपरा कात्रीने कापायचा, तिकीट वहीत चिकटवायचे आणि उरलेले पाकीट पत्रासकट रद्दीत. त्यात मुलाचा दोष नाही. तिकिटावर चित्र आहे, ते त्याला कळते. पत्र उर्दूत आहे, ते त्याला वाचता येत नाही. नागपुरात उर्दू शाळा आहेत, तरी आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले मराठी किंवा इंग्रजी माध्यमात जातात.

अशाच एका वहीत मिर्झा गालिबचे तिकीट दिसले. वीस पैशांचे, १७ फेब्रुवारी १९६९ चे. गालिबच्या इंतकालाला शंभर वर्षे झाली म्हणून काढलेले. चेहऱ्यासोबत त्यांची मोहरही आहे. पण गालिब तिकिटावर आले ते त्याच्याही आधी. १ ऑक्टोबर १९५२ रोजी कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर अशी संतकवींची सहा तिकिटे निघाली. त्यात गालिबचे तिकीट साडेचार आण्यांचे होते. ही सारी तिकिटे छापली गेली आपल्या नाशिक रोडच्या छापखान्यात. दिल्लीच्या शायराचा चेहरा महाराष्ट्रातून देशभर गेला, हे मुलांना सांगितले की ती तिकीट जरा निरखून पाहतात.

आणि तिकीट शोभावे असा शायर गालिबखेरीज दुसरा कोण? १८५४ साली देशभर एकसारखा टपालदर आला आणि तिकिटे सुरू झाली. तीन वर्षांत दिल्ली उजाडली. सत्तावन्नच्या बंडानंतर मुसलमानांना शहराबाहेर काढण्यात आले, दोस्त गावोगाव पांगले. गालिब मागे राहिले आणि पत्रे लिहीत राहिले. सिकंदराबादच्या हरगोपाल तफ्तांना, मीर महदी मजरूहना. त्यांनी लांबलचक अलकाब सोडून दिले आणि समोर बसून बोलावे तशी पत्रे लिहिली. उर्दू गद्य आज जे साधे, बोलके आहे त्यात या पत्रांचा मोठा वाटा आहे. ती जपणारी माणसे होती, म्हणूनच ‘ऊद-ए-हिंदी’ १८६८ मध्ये छापून निघाले. पत्रे मिळालेल्यांनी ती रद्दीत घातली असती तर आपल्या हाती फक्त दीवान राहिला असता.

(तिकिटाशिवाय टाकलेल्या पत्राला ‘बैरंग’ म्हणतात. शब्द फारसी वाटतो, पण आहे इंग्रजी ‘बेअरिंग’चा अपभ्रंश. अशा पत्राचे दुप्पट पैसे घेणाऱ्याला भरावे लागत.)

पत्रे जपून ठेवली तरी लिपी हरवली तर काय होते, हे कझाकस्तानात दिसते. तिथला थोर शायर आणि विचारवंत अबाई कुनानबायेव, १८४५ ते १९०४. मदरशात शिकला, अरबी-फारसी जाणत होता, पण लिहिले आपल्या कझाक भाषेत. त्याचा पहिला संग्रह १९०९ मध्ये अरबी लिपीत छापला गेला. १९२९ मध्ये कझाक भाषेला लॅटिन लिपी आली, १९४० मध्ये रशियन. म्हणजे अकरा वर्षांत दोनदा लिपी बदलली. अबाईचे लिखाण नव्या लिपीत पुन्हा छापले गेले, तो आजही घरोघर आहे. पण साध्या माणसाने भावाला लिहिलेली चिठ्ठी नव्या लिपीत कोण छापणार? ती नातवाच्या हाती मुकीच आली असणार.

आपल्यावर तर कुणी लिपी लादलेली नाही. आपली पत्रे आपल्याच डोळ्यांसमोर मुकी होत आहेत. माझे काही सहकारी म्हणतील, मुलांना उर्दू शिकवा, प्रश्न मिटला. जरूर शिकवा. पण छापील उर्दू वाचणाऱ्यालाही जुना शिकस्ता हात लागत नाही. नुक्ते गायब, शब्द एकमेकांत गुंतलेले. तो हात ओळखणारी नानी आज ऐंशीची आहे आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. म्हणून मूल उर्दू शिकेपर्यंत थांबू नका. येत्या जुम्याला दुपारी पेटी काढा. नानीने मोठ्याने वाचावे, मुलाने मोबाईलवर आवाज घ्यावा आणि नंतर सवडीने देवनागरीत उतरवावे. उर्दू शब्द बदलू नयेत, फक्त लिपी बदलावी. कुणी, कुणाला, कुठून लिहिले आणि पत्रातला ‘छोटा’ म्हणजे कोण, हे वर टिपून ठेवावे. अशी माहिती नानीखेरीज कुठेच मिळत नाही. फाटलेल्या घडीला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कागद सपाट करून साध्या फाईलमध्ये ठेवा.

पत्रात घरच्या भांडणाचे काही निघाले तर काय, असेही विचारले जाईल. निघेलच. ते वाचायचे की नाही, नानीलाच ठरवू द्या.

तिकीट मात्र पाकिटावरच राहू द्या. त्याच्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यात गाव आणि तारीख असते, आणि आपल्या बुजुर्गांनी पुष्कळदा पत्रावर तारीख घातलेलीच नसते.