आडनाव नसलेले गाव : ‘गोड’ प्रेमकादंबरीविषयी काही आक्षेप

मराठी समीक्षेने रंजनपर कादंबरीविषयी आजवर दोनच पवित्रे घेतले. एक तुच्छतेचा, त्यात ही कादंबरी वाचण्याच्याही लायकीची ठरत नाही. दुसरा सवलतीचा; वाचकलक्ष्यी म्हणवून घेणाऱ्या अभ्यासांत ती खपते आणि वाचली जाते, एवढेच तिच्या समर्थनाला पुरेसे मानले जाते. पवित्रे परस्परविरोधी दिसले, तरी संहितेत नेमके काय लिहिले आहे याची चौकशी दोन्हींपैकी कोणालाच करावीशी वाटत नाही. परिणामी मराठी मध्यमवर्गाच्या, विशेषतः स्त्रीवाचकांच्या, कल्पनाविश्वाचा फार मोठा भाग समीक्षेच्या कक्षेबाहेर पडून राहिला आहे.

गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या लहानशा गावातली गोड प्रेमकथा हे या कादंबरीचे एक चांगलेच फोफावलेले रूप होय. शहराला कंटाळून परतलेली नायिका, तिला वारशाने मिळालेले आजीचे घर, गावातला अबोल पण कर्तबगार तरुण, सगळ्यांची खबरबात ठेवणारी शेजारीण, क्रमाने येणारे सणवार, शारीर जवळिकीच्या उंबरठ्यावर थांबणारे निवेदन आणि लग्नात होणारा शेवट, असा हा साचा आहे. इंग्रजीत डेबी मॅकोम्बरचे सीडर कोव्ह किंवा रॉबिन कारचे व्हर्जिन रिव्हर ही अशीच कल्पित गावे. एकेका गावावर पुस्तकांच्या मालिका उभ्या राहिल्या. मराठीत या साच्यामागे ना. सी. फडक्यांच्या तंत्राचा वारसा आहे. ‘प्रतिभासाधना’ने (१९३१) रचनेला जे महत्त्व दिले, त्यातली गुंतागुंत, उत्कंठा आणि उकल एवढीच उचलून पुढे तिचा कारखाना चालवला गेला. मासिके, दिवाळी अंक आणि सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या यांच्या वाटेने ती दुपारच्या निवांत वेळी घरोघर पोचली. आज ती २०१४ साली बंगळुरूत सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या व्यासपीठावर, भागाभागांनी, मोबाइलवर वाचली जाते.

प्रेमकथेला अडथळा लागतो. मराठीत या वाङ्मयप्रकाराचे नावच बाणभट्टाच्या एका नायिकेवरून आले. तिच्या कथेत अडथळा शापाचा होता. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’मध्ये स्त्रीच्या सुखाआड येते ती रूढी. गोड कादंबरीत मात्र अडथळा असतो तो गैरसमजाचा : न पोचलेले पत्र, अर्धवट ऐकलेले संभाषण, जुन्या मैत्रिणीचे अवचित आगमन. गैरसमजाची सोय अशी की त्यात कोणीच अपराधी नसते. कोणाला काही सोडावे लागत नाही, कोणाला बदलावे लागत नाही. दोन वाक्यांचा खुलासा झाला की काम भागते. आणि हा खुलासा घडवून आणते ते गाव. कोण कोणाशी बोलले, कोण केव्हा घराबाहेर पडले, हे सर्वांना ठाऊक असणे हा येथे मायेचा पुरावा ठरतो. साच्यातली कळीची जागा हीच असल्यामुळे ती तपासण्यासाठी एखादे खरे गाव शेजारी ठेवून पाहणे उपयोगी ठरेल.

भोर घ्यावे. गोड कादंबरीला जे जे हवे ते सारे येथे आहे : नीरेचा काठ, पंतसचिवांचा राजवाडा, त्यातला रामनवमीचा उत्सव, वरंधा घाटाकडे जाणारा रस्ता, आंबेमोहोराची खाचरे आणि वेल्ह्याच्या बाजूला राजगड-तोरणा. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, तालुक्यालासुद्धा आपले नाव इतिहासाकडून मागून घ्यावेसे वाटते, मग माणसांचे काय?) शहराची वस्ती २०११च्या जनगणनेत वीस हजारांच्या आत होती, म्हणजे अनोळखी चेहरा पटकन उठून दिसावा एवढी. अशा ठिकाणी नव्या मुलीला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कुणाची गं तू?’ हा. प्रश्न प्रेमळ आहे, यात शंका नाही. पण नाव सांगून त्याचे उत्तर पुरे होत नाही. आडनाव, गाव, आळी, मामाचे गाव अशी उत्तरे एकामागून एक द्यावी लागतात, आणि मग विचारणाऱ्याला जे हवे असते ते कळते. कोण कोणाचे हे जेथे भावकी, सोयरीक, देवक आणि कुळी यांवरून ठरते, तेथे सर्वांना सर्व ठाऊक असणे ही मायेइतकीच पहाऱ्याचीही व्यवस्था असते. एसटी स्टँडवर कोण कोणाशी बोलत उभी होती, हे एसटीच्या आधी घरी पोचते. गोड कादंबरी या व्यवस्थेतली माया तेवढी ठेवते आणि पहारा गाळते.

त्यासाठी ती एक साधी युक्ती करते : आडनावे काढून टाकते. नायक-नायिका पहिल्या नावाने वावरतात. आडनाव आलेच तर ते इनामदार, देशमुख असे वाड्याला शोभणारे असते, आणि दोघांची आडनावे एकमेकांनाही शोभतात. हा योगायोग पुस्तकामागून पुस्तकात घडू लागला की त्याला योगायोग म्हणणे कठीण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या, प्रत्यक्षात कधीच न झालेल्या पण पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या भाषणात आंतरजातीय विवाह हा जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून सांगितला. त्या दृष्टीने प्रेमविवाह हा मराठी कादंबरीतला सर्वांत स्फोटक विषय असायला हवा होता. गोड कादंबरीने तो सर्वांत निर्धोक करून दाखवला.

वारशाचा मुद्दा तर याहून बोलका आहे, कारण तिकडे सहसा लक्षच जात नाही. आजीचे घर नायिकेला मिळते, किल्ली तिच्या हातात पडते आणि कथा सुरू होते. मावळातले घर असे मिळत नाही. उताऱ्यावर चुलत्यांची, आत्यांची, मुंबईला गेलेल्या भावांची नावे असतात. वाटप कित्येकदा पिढ्यान् पिढ्या झालेले नसते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हिस्सा दिला. हा हिस्सा बहिणीने हक्कसोडपत्र करून भावाच्या नावे सोडावा, अशी अपेक्षा मात्र गावोगाव आजही असते. ती दरवेळी धाकाने सांगितली जाते असे नाही. पुष्कळदा मायेनेच बोलून दाखवली जाते. माहेर तुटेल, भाऊबीजेला कोण बोलावील, लोक काय म्हणतील! म्हणजे आपुलकीची जी भाषा कादंबरीत नायिकेला घर मिळवून देते, तीच भाषा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिच्याकडून घर सोडवून घेते. कादंबरी लग्नापाशी संपत असल्याने ही सही नेहमीच पुस्तकाबाहेर राहते. रचनेचा हा भाग निरागस आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांवरची एक तरी गोड कादंबरी दाखवावी.

निसर्गवर्णनाचीही तीच गत. या कादंबऱ्यांतले प्रेमिक जलाशयाच्या काठी संध्याकाळी बसतात. भोर-वेल्ह्यात जलाशयांना तोटा नाही. पण ते निसर्गाने दिलेले नाहीत. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण ब्रिटिश काळातले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-इंदापूरकडे आणि पलीकडे फलटणकडे जाते, आणि उन्हाळ्यात ते उतरले की बुडालेले कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते. पानशेत म्हटले की मराठी मनाला १२ जुलै १९६१ रोजी बुडालेले पुणे आठवते. ते धरण वेल्ह्यात आहे आणि त्याच्या पोटात गेलेली गावेही वेल्ह्यातलीच, हे सहसा आठवत नाही. इतिहासाला निसर्गाचे रूप देणे हे मिथकाचे कार्य, असे रोलाँ बार्थने म्हटले आहे. त्याचे याहून सोपे उदाहरण शोधावे लागू नये. शांत, निसर्गाच्या कुशीतले, माणुसकी जपणारे गाव ही शब्दकळा आता या कादंबऱ्यांइतकीच सेकंड होमच्या जाहिरातींतही आढळते, आणि दोन्हीकडे गावात येणारी व्यक्ती शहरातूनच येते. गावातून शहरात, धायरीला किंवा कात्रजला, खोली घेऊन राहायला गेलेल्या मुलीवर गोड कादंबरी लिहिली जात नाही.

या आक्षेपांवर जॅनिस रॅडवेचा दाखला दिला जातो. १९८४ सालच्या ‘रीडिंग द रोमान्स’ या ग्रंथात तिने एका अमेरिकी गावातल्या प्रेमकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांचा अभ्यास केला. दिवसभर इतरांसाठी राबणाऱ्या बाईने पुस्तक उघडून स्वतःसाठी काढलेला वेळ हीच एक छोटी बंडखोरी आहे, हा तिचा निष्कर्ष मोलाचा आहे आणि तो मराठी वाचक स्त्रियांनाही लागू पडेल. परंतु तो वाचनाच्या कृतीविषयीचा आहे. वाचले जाणारे पुस्तक त्या बाईला परत त्याच स्वयंपाकघरात, जरा अधिक समाधानाने, आणून सोडते, ही अडचण रॅडवेने झाकलेली नाही. आपल्याकडे तिचा पूर्वार्ध तेवढा उद्धृत केला जातो.

समीक्षेचा दोष यात मोठा आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली मुक्त केले. शृंगाराची एवढी कसून तपासणी करणाऱ्या या समाजाला गोडव्याची तपासणी करावी असे कधी वाटले नाही. नेमाड्यांनी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ यांच्या आधारे मराठी कादंबरीच्या ज्या तीन प्रवृत्ती सांगितल्या, त्यांतल्या ‘मुक्तामाला’ प्रवृत्तीत ही कादंबरी टाकून प्राध्यापकवर्ग मोकळा झाला. जणू वर्गीकरण झाले की वाचन झाले. शिवाय ग्रामीण, महानगरी, दलित, आदिवासी अशा आपल्या कप्प्यांत तालुक्याच्या गावाला जागाच नाही. भोर ग्रामीणही नाही आणि नागरीही नाही. ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंतच्या चतुष्टयात नेमाड्यांनी लहान शहरांतली जातीची आणि महाविद्यालयांची गणिते मांडली, ती वाट पुढे फार थोड्यांनी चोखाळली. जी जागा गंभीर कादंबरीने रिकामी सोडली तिथे गोड कादंबरीने घर बांधले, याबद्दल तिला एकटीलाच दोष देता येणार नाही.

आणि गोडवा म्हणजेच खोटेपणा, असेही नाही. राजगडाचा परिसर ‘वाघरू’त उभा करणारे गो. नी. दांडेकर हे काही कडवट लेखक नव्हेत. त्यांच्या ‘शितू’त कोकणातले गाव आहे, समुद्र आहे, कोवळे प्रेम आहे, गोड कादंबरीला लागणारी बहुतेक सामग्री आहे. पण शितू विधवा आहे आणि विसू खोताचा मुलगा आहे, हे गावाला ठाऊक आहे. गावाच्या या ठाऊक असण्यातूनच कथा मृत्यूपर्यंत जाते. ‘सैराट’च्या (२०१६) पूर्वार्धाने महाराष्ट्रभर ज्यांना नाचवले, त्यांना त्या पूर्वार्धाची भाषा आधीपासून अवगत होती. ती कोठून आली, याचा शोध एम.ए.च्या वर्गात ‘शितू’ आणि एखादी लायब्ररीतली फाटकी गोड कादंबरी शेजारी शेजारी ठेवून घेता येईल. अभ्यासमंडळांनी त्यासाठी दुसऱ्या पुस्तकाला अभ्यासक्रमात जागा देण्याचा कमीपणा पत्करायला हवा.