घर कुणाच्या नावावर?

मॉन्ट्रियलमधलं आमचं घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. कर्ज चालू, मुलगी तीन वर्षांची. म्हणून गेल्या महिन्यात आम्ही दोघं मृत्युपत्र करायला नोटरीकडे गेलो. टोरांटोच्या मित्राच्या मृत्युपत्राचा नमुना सोबत नेला होता. नोटरीबाईंनी तो बाजूला ठेवला. "हे ओंटारिओचं. क्विबेकचा कायदा वेगळा."

इंग्रजांनी १७६३ मध्ये हा फ्रेंच मुलूख मिळवला, पण १७७४ मध्ये मालमत्ता-वारशाचे व्यवहार फ्रेंच पद्धतीनेच चालू दिले. फौजदारी कायदा इंग्रजी ठेवला. म्हणून आजही इतर प्रांतांत दिवाणी कायद्याचा पाया न्यायालयांचे जुने निकाल, तर क्विबेकमध्ये लेखी नागरी संहिता. फौजदारी कायदा आणि १९८२ ची हक्कांची सनद मात्र साऱ्या देशाला एकच. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांत किमान ३ क्विबेकचे असावेच लागतात.

या संहितेनुसार, संसारात घेतलेलं राहतं घर कुणाच्याही नावावर असो, कर्ज वजा जाता त्याच्या किमतीत नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा वाटा. बायकोचा तो वाटा मी मृत्युपत्रात दुसऱ्या कुणाला लिहून देऊ शकत नाही.

रात्री म्हापशाला आईला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "त्यात नवल कसलं? आपल्या गोव्यातून पोर्तुगीज गेले, पण त्यांचा १८६७ चा नागरी कायदा राहिला. तुझे बाबा गेले तेव्हा निम्मं घर आधीपासूनच माझं होतं. कुणापुढे पदर पसरावा लागला नाही."

मंडळी, कॅनडात तुमचं कुणी असेल तर दोनच गोष्टी विचारा: प्रांत कोणता, आणि मृत्युपत्र केलंय का? आमचं गेल्या आठवड्यात झालं.