बोंड साबूत, आत कीड



गुलाबी बोंडअळीने आपल्याला एक धडा दिला. बोंड बाहेरून हिरवेगार. अळी आत शिरली की छिद्रही बुजते. म्हणून डोमकळीची चित्रे दाखवावी लागली. चित्र पाहिले तेव्हा डोळा तयार झाला.

घरातल्या जुलुमाचेही असेच आहे. २०१३ साली मुंबईच्या 'टॅपरूट' या जाहिरातसंस्थेने 'सेव्ह द चिल्ड्रन इंडिया'साठी चित्रे केली. आपल्या कॅलेंडरावर असतात तशाच लक्ष्मी, सरस्वती, दुर्गा; पण तोंडावर माराचे वळ. चित्रे गाजली. तरी आम्हाला ती अपुरी वाटतात. वळ दिसला तर शेजारीण विचारते तरी. जिथे हात उगारलाच जात नाही, तिथे काय? कापूस तिने वेचला, पैसे त्याच्या खात्यात. माहेरी जायला परवानगी, बांगड्या भरल्या तर हिशेब, फोन वाजला तर 'कोणाचा?' एकेक गोष्ट किरकोळ. सगळ्या मिळून कोंडवाडा.

कायदा हे ओळखतो. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू असलेल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर भावनिक आणि आर्थिक छळही येतो. इंग्लंडने तर २०१५ च्या कायद्याने नात्यातला असा सततचा धाक हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला. पण कायद्याच्या पुस्तकातले ज्वारी काढणाऱ्या बाईला दिसणार कसे?

कोणी म्हणेल, आधी कापसाच्या भावाचे बोला, घरचे चव्हाट्यावर कशाला? त्याचे उत्तर १९८६ साली आपल्याच जिल्ह्यात, चांदवडच्या महिला अधिवेशनाने दिले आहे. घामाचे दाम मागणाऱ्याने घरातल्या घामाचे दाम शून्य धरायचे, हे चालणार नाही. पुढे लक्ष्मीमुक्तीत जमिनीचा तुकडा बाईच्या नावे लावला गेला, तो याच विचाराने.

आमची सूचना साधी आहे. सायखेड्यातली एक भिंत रंगवायला घ्या. देवी नको, वळ नको. कुलूप लावलेली पेटी, दुसऱ्याच्या खिशातले पासबुक, उंबऱ्यावर थबकलेले पाऊल काढा. काय काढायचे ते बायांनीच बसून ठरवावे; रंग शाळेतल्या पोरापोरींनी भरावेत. मात्र गावातल्या कोणा बाईची ओळख पटेल असे काही काढू नका. त्याची किंमत तिलाच घरात मोजावी लागेल. चित्राखाली महिला हेल्पलाइनचा १८१ हा आकडा ठळक लिहा.

कीड दिसली की शेतकरी स्वस्थ बसत नाही. आधी ती दिसू तर द्या.