पाण्यातला साप : ओळख कशासाठी आणि कुठवर?

भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावतात, असा अंदाज २००० ते २०१९ या कालखंडाच्या अभ्यासातून पुढे आला. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. या विषयाची चर्चा बहुधा शेत, अंधारी वाट आणि जमिनीवरचे अंथरूण यांभोवती फिरते. गुडघाभर पाण्यात उभा राहून पाग फेकणारा किंवा रापण ओढणारा माणूस तिच्यात क्वचितच दिसतो. वास्तविक, जाळ्यातला साप हाताने सोडवण्याची वेळ त्याच्याइतकी कोणावरच येत नाही.

अडचण 'पाणसाप' या शब्दापासूनच सुरू होते. हे एखाद्या जातीचे नाव नाही, तो केवळ पत्ता आहे. तळे, ओढा, भातखाचर येथे भेटणारा पाणसाप बहुतेक वेळा दिवड, म्हणजेच विरोळा असतो. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकडे, डोळ्याखालून आणि डोळ्यामागून निघालेल्या दोन काळ्या तिरप्या रेघा, कणा असलेले खरखरीत खवले, ही त्याची लक्षणे. श्नायडर यांनी १७९९ मध्ये त्याला दिलेल्या नावातील 'पिस्केटर' या लॅटिन शब्दाचा अर्थच मासेमार. दोघे एकाच मासळीच्या मागावर असल्याने त्यांची गाठ पडणे अटळ आहे.

दिवड बिनविषारी आहे; पण डिवचल्यावर तो मान चपटी करतो, शरीराचा पुढचा भाग उचलतो आणि क्षणभर नागासारखा भासतो. या एका सोंगापायी असंख्य दिवड ठेचले जातात. येथे अचूक ओळख सापाचा जीव वाचवते आणि म्हणूनच ती शिकवली पाहिजे. भारतातील सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. परंतु ज्याला साप ओळखताच येत नाही, त्याच्या हातातली काठी कायदा रोखू शकत नाही.

नदी खाडीला मिळते तेथे मात्र हे गणित बदलते. खऱ्या समुद्रसापांची शेपटी वल्ह्यासारखी दोन्ही बाजूंनी चपटी असते. दिवडाची शेपटी गोल आणि निमुळती. समुद्रसाप विषारी असतात, आणि त्यांतील चोचीसारख्या नाकाचा हायड्रोफिस शिस्टोसस खाड्यांतही शिरतो. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर मासळीबरोबर जाळ्यात येणाऱ्या सापांच्या अभ्यासात तो वारंवार आढळला आहे. गोड्या पाण्यातल्या अनुभवाने निर्धास्त झालेला हात खारट पाण्यात तितकाच निर्धास्त राहिला, तर ते जिवावर बेतू शकते.

दंशाची बाह्य लक्षणेही फसवी आहेत. दिवड कडकडून चावतो, रक्त वाहते, जखम दुखते आणि पाहणारे घाबरतात. समुद्रसापाचे विषदंत लहान असतात. दंश पुष्कळदा जाणवतही नाही, सूज येत नाही. काही वेळाने स्नायू दुखू लागतात, अंग ताठरते, लघवी गडद होते; पुढे श्वसन आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. जमिनीवरच्या मण्यारचा दंशही असाच मुका असतो. म्हणजे भीतिदायक दिसणारा दंश निरुपद्रवी आणि काहीच न वाटणारा दंश प्राणघातक, अशी येथे उलटापालट होते. 'दुखत नाही, म्हणजे पाणसापच असेल' हा तर्क म्हणूनच सर्वांत घातक ठरतो. शिवाय नागालाही उत्तम पोहता येते. पाण्यात दिसला म्हणून तो पाणसाप होत नाही.

यातून एक सीमारेषा स्पष्ट होते. ओळख सापाला वाचवण्यासाठी आहे; उपचार टाळण्यासाठी नाही. भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर बेतलेले आहे; समुद्रसापाच्या विषासाठी देशात प्रतिविष तयार होत नाही. अशा रुग्णाचा आधार कृत्रिम श्वसन, डायलिसिस आणि डॉक्टरांची सतत देखरेख हाच. म्हणून दंश कोणाचाही असो, अवयव न हलवता, न आवळता, जखमेला चिरा न देता रुग्णालय गाठणे हाच नियम. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. डॉक्टर लक्षणांवरून आणि तपासणीवरून निर्णय घेतात.

बंगालीत 'ढोंडा' म्हणजे दात नसलेला, दुबळा माणूस, असा शब्दप्रयोग रूढ आहे. मल्याळममध्ये उलट, नीरकोली चावली तरी रात्रीचे जेवण हुकते, अशा आशयाची म्हण आहे. पहिल्यात सापाची ओळख आहे, दुसरीत सावधपणा. सर्पसाक्षरतेला दोन्ही हवेत. राष्ट्रीय आराखडा मासेमारांच्या वस्तीपर्यंत पोहोचायचा असेल, तर शाळेतल्या तक्त्यावर चार विषारी सापांशेजारी चौकड्यांचा दिवड आणि वल्ह्यासारख्या शेपटीचा समुद्रसापही हवा. आणि किनाऱ्यावरच्या आरोग्य केंद्रात, 'काहीच दुखत नाही' असे सांगणाऱ्या मासेमाराला घरी न पाठवता थांबवून घेणारा डॉक्टरही हवा.