रजेचा हक्क आणि भट्टीवरचा हिशेब

भाताची झोडणी आटोपली, दिवाळी सरली, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील कातकरी-ठाकूर वाड्या ओस पडू लागतात. कुटुंबेच्या कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांनी थापलेल्या विटांच्या घरांत राहून आणि शहापूरच्याच तानसा-भातसाचे पाणी पिऊन आपण शहरवासी वार्षिक रजेचे बेत आखतो. या माणसांना भरपगारी रजा असते काय, हा प्रश्न मात्र आपल्या मनास शिवत नाही.

रजा ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हे तत्त्व येथे नवे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांस साप्ताहिक सुटी मिळाली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्यास दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील कायम कामगारास हा हिशेब पाठ असतो. परंतु ज्याचा हंगामच सहा-सात महिन्यांचा, त्याच्या आवाक्यात २४० दिवस यावेत कसे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली. दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांस ती लागू आहे. सुधारणा स्वागतार्ह खरी. पण तिच्यातही एक मेख आहे. दिवस मोजायचे ते जानेवारी ते डिसेंबर या वर्षात, आणि भट्टीचा हंगाम तर नेमका या वर्षाच्या सीमेवर दुभंगतो. दिवाळीनंतर मालक बदलला, की १८० चा आकडा गाठणे अशक्यच.

तरीही कायदा येथे थांबत नाही. वर्षाच्या मध्येच काम सुटले, तर पात्रतेचे दिवस भरले नसले तरी त्याच प्रमाणात रजेचे वेतन रोख द्यावे, आणि काम सोडल्यापासून दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत द्यावे, असे संहिता सांगते. जानेवारी ते मे सुमारे १३० दिवस राबलेल्या मजुरास याप्रमाणे सहा-सात दिवसांची मजुरी मिळावयास हवी.

ती मागावी कोणत्या कागदाच्या आधारे? मजुरी हजार विटांमागे ठरते. आरंभी उचल, मध्ये आठवड्याची खर्ची, अखेरीस हिशेब. वहीत नाव एकट्या पुरुषाचे. बरोबरीने राबणारी पत्नी त्या वहीत नसते. तिचा हक्क तर बुडतोच, शिवाय दहा कामगारांची गणतीही भरत नाही. रजेचे सोडाच, पुष्कळदा उचल न फिटल्यामुळे पुढील हंगामही त्याच मालकाकडे बांधला जातो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने नष्ट झाली, हे स्मरल्यास या प्रथेचे गांभीर्य कळेल.

ठोक दरात सारे काही आले, असे मालक म्हणतील. ते आम्हांस मान्य नाही. जे वेगळे दाखविले जात नाही, ते दिले गेले असे कसे मानावे? स्त्रीपुरुष प्रत्येकाची स्वतंत्र हजेरी आणि अखेरच्या हिशेबात रजा-वेतनाचा स्वतंत्र रकाना, एवढे दोनच कागद कामगार खात्याने भट्टीभट्टीवर तपासावेत. पहिला पाऊस पडून वाट धरण्यापूर्वी तो रकाना भरला गेला, तरच रजेचा कायदा शहापूर-मुरबाडच्या वाड्यांपर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.