गणपतीला निघताय? पायांत काय घालणार, ते आधी ठरवा

गणपती आठवड्यावर आलेत. मुंबई, ठाणे, पुण्याहून स्वतःची गाडी काढून कोकणात निघणाऱ्या प्रत्येकाला ही कळकळीची विनंती. टायर, ऑइल, वायपर, हेडलाइट सगळं गॅरेजवाल्याकडून बघून घेतलं असेलच. आता स्वतःच्या पायांकडे बघा. चप्पल, क्रॉक्स, उंच टाचेची सँडल, जाड फोमचे स्पोर्ट्स शूज यांतलं काहीही घालून स्टिअरिंगमागे बसू नका. पातळ तळाचे, टाच बंद असलेले साधे कॅनव्हास शूज घ्या. पाचशे रुपयांच्या आसपास मिळतात. आज-उद्यातच घ्या.

आधी चपलेचं बोलू, कारण पावसाळ्यात बहुतेकांच्या पायांत तीच असते. ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर पाय नेताना टाच खाली टेकलेली असते आणि पंजा तेवढा वळतो. चप्पल ओली असली, की पाय वळतो आणि चप्पल जागच्या जागी राहते. तिचं टोक पेडलच्या कडेला अडकतं. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त पुढे जाते. चप्पल झटकायला अर्धा सेकंद गेला, तरी आठ मीटर गेले. दोन गाड्यांची लांबी! समोर एसटी थांबलेली असेल, तर हिशोब तिथेच संपला.

‘मी तर चप्पल काढूनच चालवतो,’ असं सांगणारे घरोघरी आहेत. काढलेली चप्पल जाते कुठे? सीटखाली. परशुराम घाटाच्या उतारावर एक-दोनदा ब्रेक लागला, की ती हळूहळू पुढे सरकते. एकदा का ती पेडलच्या मागे जाऊन बसली, की पेडल पूर्ण दाबलंच जात नाही. पाण्याची बाटली, मुलाचा बॉल, सुटा रबरी मॅट यांचंही तेच. शिवाय अनवाणी पायाला पेडल कळतं हे खरं, पण जीव खाऊन ब्रेक दाबायची वेळ आली, की ते अरुंद पेडल तळव्यात रुततं आणि पाय आपोआप कच खातो. पाय ओला असेल तर घसरतोही.

आता बुटांचं. हल्लीच्या स्पोर्ट्स शूजचे तळ बघितलेत का? फोमचे थरावर थर. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळ 40 मिलिमीटरपेक्षा जाड नको, असा नियम करावा लागला, इतकी ही जाडी वाढत गेली. धावणाऱ्याच्या गुडघ्यांना तो फोम बरा. गाडीत मात्र पाय दाबला की आधी फोम दबतो, मग पेडल. क्लच नेमका कुठे धरतोय, ब्रेक किती लागलाय, हे पायाला उशिरा कळतं आणि अर्धवट कळतं. लोकरीचे हातमोजे घालून तांदूळ निवडायला बसण्यातला प्रकार. एमआयडीसीतून परस्पर निघणाऱ्यांच्या सेफ्टी शूजची तऱ्हा वेगळी. ते इतके रुंद, की ब्रेक दाबताना कड ॲक्सिलरेटरलाही लागते. ऑटोमॅटिक गाडीत दोन्ही पेडलं एकाच पायाच्या हवाली असतात, तिथे तर हे मुळीच चालणार नाही.

कोकणच्या वाटेवर हे जास्त भोवतं. माणगाव-इंदापूरच्या कोंडीत गाडी तासन्‌तास हातभर पुढे, परत ब्रेक, परत हातभर अशी सरकते. तिथे जोर लागत नाही, अंदाज लागतो. कशेडीला आता बोगदा झाला, पण भोस्ते आहे, परशुराम आहे; कोल्हापूरकडून येणाऱ्याला आंबा, कराडकडून येणाऱ्याला कुंभार्ली, खाली सावंतवाडीला उतरणाऱ्याला आंबोली आहेच. चढावर धुक्यात मागच्याने बंपरला बंपर लावलेला असताना हाफ क्लचवर गाडी उचलायची, तर पेडलमधली ती बारीकशी थरथर तळव्याला जाणवायलाच हवी.

उतारावर तर पायाइतकं लवकर कोणीच बोलत नाही. न्यूट्रलमध्ये किंवा मोठ्या गिअरमध्ये नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली, तर ब्रेक तापतात. ब्रेक ऑइल उकळायला लागलं, की पेडल मऊ पडतं, नेहमीपेक्षा खोल जातं. पातळ तळातून हा फरक सुरुवातीलाच कळतो आणि लहान गिअर टाकून गाडी कडेला घ्यायला वेळ मिळतो. एबीएसचंही असंच. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे, पण ते चालू झाल्यावर पेडल पायाखाली धडधडतं, हे अनेकांना माहीतच नसतं. काहीतरी तुटलं असं वाटून लोक नेमक्या वेळी पाय उचलतात. उचलू नका, दाबून धरा. तळ पातळ असला, की ती धडधड स्वच्छ ओळखू येते.

कोणीतरी फोनवर तो मेसेज दाखवेलच: चप्पल घालून गाडी चालवली तर दंड. अशा अफवांवर विश्वास ठेवू नका, असा खुलासा नितीन गडकरींच्या कार्यालयाने सप्टेंबर 2019 मध्ये केला होता. पोलीस पावती फाडणार नाहीत, मान्य. घाटाला त्या खुलाशाचं सोयरसुतक नाही.

घ्यायचे कुठले? शाळेच्या पी.टी.ला घालतात तसले कॅनव्हासचे शूज, मोठ्यांच्या मापातही मिळतात. त्याहून छान म्हणजे मॅटवरच्या कुस्तीचे बूट. तळ पातळ, घोट्याला पक्के, बाजूला कड बाहेर आलेली नाही. खेळाच्या सामानाच्या दुकानात विचारा. थोडे महाग पडतील, पण वर्षानुवर्षं टिकतील. खास ड्रायव्हिंगसाठीचे मोकॅसिनही असतात. इटलीत 1963 मध्ये जान्नी मोस्तिले यांनी तळाला रबराच्या गुट्ट्या लावून ते काढले, आणि आज त्यांच्या किमतीत गणपतीचं मखर उभं राहील. आपल्याला त्यांची गरज नाही.

दुकानात नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. बूट दोन्ही हातांनी वाकवून बघा, सहज दुमडला पाहिजे. मग पायात घालून फरशीवर पेन ठेवा आणि वरून हलकेच पाय फिरवा. पेन आडवं आहे की उभं, हे न बघता सांगता आलं तर तळ बरोबर. तळ गुळगुळीत नको, बारीक खाचांचा रबरी हवा. कोल्हापुरी नेमकी इथेच नापास होते. चामडी तळ ओल्या पेडलवर साबणासारखा सरकतो. आरतीला खुशाल घाला. नाडी बांधल्यावर टोकं आत खोचा, लोंबकळू देऊ नका.

हे बूट गाडीपुरतेच ठेवा. चहाला उतरताना चप्पल घाला, परत बसताना बूट चढवा आणि चप्पल डिकीत टाका. ड्रायव्हरच्या पायाशी ती नकोच. दाराच्या कप्प्यात एक जुनं फडकं ठेवा, बसण्याआधी तळ पुसायला. आणि गाडी जुनी असेल, तर पेडलवरचं रबर बघा. झिजून गुळगुळीत झालं असेल, तर बदलून घ्या. किरकोळ खर्चाचं काम आहे.

गाडी न चालवणाऱ्यांनाही सांगणं आहे. शेजारी बसणाऱ्या वहिनी, मागे बसलेले आजोबा, तुमचा शब्द मानला जातो. ‘बूट घाल, मग चावी फिरव,’ एवढं म्हणा.

आणि निघायच्या आदल्या रात्री खरेदी करू नका. जाड तळाची सवय असलेला पाय नव्या पातळ बुटांत पहिले एक-दोन दिवस जास्तच जोर लावतो, ब्रेक कचकन लागतो, क्लच सोडताना गाडी हिसके देते. ते हिसके कॉलनीतल्या रस्त्यावर, ऑफिसच्या वाटेवर खाऊन होऊ द्या. बूट आज आणले, तरच त्यासाठी पुरेसे दिवस हाताशी राहतील.