धनी घरात असताना

पुतळा हवा असेल तर आधी मरावे लागते, हा आपल्याकडचा सर्वसाधारण शिरस्ता. हयातीत माणसाच्या वाट्याला शाल, श्रीफळ आणि मानपत्र यायचे. आयुष्याची दोरी बळकट असलीच तर गौरवग्रंथ आणि सहस्रचंद्रदर्शन. पण माणूस चांगला हिंडता-फिरता असताना त्याच्या आयुष्याचे संग्रहालय मांडायचे, त्याची पत्रे आणि टिपणे काचेआड ठेवायची, आणि तो स्वतः शेजारी उभा! यजमानाच्या देखत त्याच्याच घराचा पंचनामा करण्याइतके हे काम अवघड.

अमेरिकेत ते झाले आहे. तिथे पूर्वी अध्यक्षाचे कागद ही त्याची खाजगी मालमत्ता समजली जाई. पद सोडताना तो ते घरी नेई. पुढे वारसांनी जपावेत, विकावेत किंवा चुलीत घालावेत. चेस्टर आर्थर यांनी तर १८८६ मध्ये मरणापूर्वी आपले बहुतेक कागद जाळून टाकविले. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ही रीत मोडली. अधिकारावर असतानाच त्यांनी आपले दप्तर राष्ट्राला देऊ केले आणि १९४१ साली त्यांचे संग्रहालय लोकांना खुले झाले.

त्यांच्यामागून आलेले हॅरी ट्रूमन १९५३ साली निवृत्त होऊन मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स या आपल्या गावी परतले. लोकवर्गणीतून उभारलेले त्यांचे ग्रंथालय व संग्रहालय ६ जुलै १९५७ रोजी सुरू झाले. ट्रूमनसाहेबांनी आपली कचेरीच तिथे थाटली. प्रकृती ठीक होती तोवर ते नेमाने येत. कधी स्वतःच फोन उचलून संग्रहालयाच्या वेळा सांगत, शाळेची मुले आली की त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत. टॉमस हार्ट बेंटन हे नामांकित चित्रकार तिथली भिंत रंगवू लागले, तेव्हा या गृहस्थांनी चित्रातल्या आकाशाला चार फटकारे आपल्या हातांनीही मारले!

वाचकहो, अशी सोय कोणत्या संग्रहालयाला मिळते? वस्तूखालची पाटी कितीही नेटकी लिहा, वस्तूचा धनी स्वतः बोलू लागला की ती फिकी पडते. पण खरी अडचणही तिथेच आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबाँब पडले ते याच माणसाच्या कारकिर्दीत, आणि आपला निर्णय योग्यच होता असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. धनी समोर असताना पाटी लिहिणाऱ्याची लेखणी थोडी अडखळणारच. आत्मचरित्र आणि चरित्र यांतला भेद आम्ही वर्गात तासन्‌तास शिकवतो. धनी हयात असताना मांडलेले दालन हे बहुधा आत्मचरित्र असते. चरित्र लिहिले जाते ते मागच्या खोलीत, पेट्यांतून बांधून ठेवलेल्या कागदांवरून.

हे कागद किती धीराचे असतात ते पाहा. ट्रूमन १९७२ साली वारले. त्याच संग्रहालयाच्या अंगणात त्यांची समाधी आहे. त्यानंतर तीस वर्षांनी, २००३ मध्ये, तिथल्याच फळीवरचे एक पुस्तक कोणीतरी उघडले. न्यूयॉर्कच्या जमीन-इमारतींच्या व्यापाऱ्यांच्या मंडळाने काढलेली ती १९४७ सालची डायरी. पुढे मंडळाची रूक्ष छापील माहिती, म्हणून कोणी आत डोकावलेच नव्हते. मागच्या पानांवर मात्र ट्रूमन यांच्या हस्ताक्षरातली रोजनिशी! तीत ज्यू लोकांविषयी कठोर उद्गार होते. १९४८ साली इस्रायल जन्मताच अवघ्या अकरा मिनिटांत त्याला मान्यता देणारा हाच माणूस. आता यातला खरा ट्रूमन कोणता? दोन्ही खरे. दोन्ही कागद एका छपराखाली राहिले म्हणूनच आपण हे म्हणू शकतो. स्वतःला अडचणीचे ठरणारे कागदही हयातीतच दुसऱ्याच्या हाती सोपविणे, याला छाती लागते.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. ट्रूमन यांनी पत्नी बेस यांना लिहिलेली तेराशेंहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. बेसबाईंनी मात्र स्वतःची पुष्कळशी पत्रे जाळून टाकली. इतिहासकार हळहळतात. मला त्या बाईंचा राग येत नाही. नवरा राष्ट्राचा झाला, म्हणून बायकोने आपले मनही काचेआड ठेवावे असे थोडेच आहे? अध्यक्षांचे सरकारी कागद राष्ट्राचेच, असा कायदा तिथे १९७८ साली झाला. संसारातल्या गुजगोष्टी त्यात येत नाहीत, हे ठीकच आहे.

आपल्या घरात कोणी राष्ट्राध्यक्ष नसेल, पण दिवाळीची साफसफाई आहे. माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि आजोबांची पत्रे, आजीची हिशेबाची वही, नाव नसलेले फोटो रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात. माझे एवढेच सांगणे आहे की, ट्रंकेचा धनी घरात आहे तोवर ती त्याच्यासमोर उघडा. हा फोटो कोणाचा, हे पत्र कोठून आले, हे विचारा आणि मागे पेन्सिलीने नाव व साल लिहा. गठ्ठा ज्या क्रमाने बांधला असेल त्याच क्रमाने राहू द्या. त्या क्रमालाही काही सांगायचे असते.

आणि आजीने एखादे पाकीट हळूच उचलून कनवटीला लावले, तर तिकडे पाहू नका. ते तिचे आहे.